होकायंत्राचा शेजार : कुलाबा–अलिबाग वेधशाळांचा इतिहास आणि विमानातील दिशादोषाचे निदान

प्रस्तावना

लातूर शहराच्या जवळजवळ सरळ उत्तरेस, सुमारे पन्नास किलोमीटर हवाई अंतरावर परळी वैजनाथ आहे. लातूरहून परळीकडे येणाऱ्या एखाद्या छोट्या विमानाच्या दिशादर्शकात दहा अंशांची चूक असेल आणि वैमानिक केवळ त्या यंत्राच्याच भरवशावर उडत असेल, तर परळीच्या रेषेत पोहोचेपर्यंत ते विमान जवळजवळ नऊ किलोमीटर बाजूला गेलेले असेल. स्वच्छ आकाशात ही चूक लगेच लक्षात येते. औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी, रेल्वेमार्ग, बालाघाटच्या रांगा या खुणा वैमानिकाला सावध करतात. पावसाळी ढगात मात्र खाली काहीच दिसत नाही आणि पडद्यावरचा आकडा हाच एकमेव साक्षीदार उरतो. तो साक्षीदार खोटे बोलत असेल, तर ते ओळखायचे कसे?

छोट्या विमानांत आता काटे आणि तबकड्या यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आले आहेत. महाराष्ट्रात धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तेथील नव्या पिढीला विमानाच्या नाकाची दिशा, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ‘हेडिंग’, पडद्यावर अंशांच्या आकड्यांत वाचण्याची सवय झाली आहे. हा आकडा चुकला की तो यंत्राचा किंवा संगणकीय आज्ञावलीचा दोष आहे, असा पहिला समज होतो. हा समज बहुधा चुकीचा असतो आणि तो तपासून पाहण्याची रीत आपल्याच भूमीवर, मुंबईच्या कुलाबा व रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथील वेधशाळांत, विमाने येण्यापूर्वीच आचरणात आलेली होती, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. कुलाबा व अलिबाग येथील भूचुंबकीय निरीक्षणांच्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. इ. स. १९०४ ते १९०६ या काळात झालेल्या स्थलांतरामागील कारणांची व पद्धतीची चिकित्सा करणे.
३. या पद्धतीचा विमानातील दिशादोषाच्या निदानाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून, आवश्यक तेथे भौतिकशास्त्रातील सर्वपरिचित नियमांच्या आधारे साधी आकडेमोड केली आहे.

जहाजातील लोखंड : प्रश्नाचा उगम

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, हे विधान अर्धसत्य आहे. सुई ज्या जागी ठेवली आहे, त्या जागेवरील एकूण चुंबकीय क्षेत्राची दिशा ती दाखवते. त्या क्षेत्रात पृथ्वीचा वाटा असतो, तसा शेजारच्या लोखंडाचा आणि विद्युतप्रवाहाचाही असतो. यांतला कोणता भाग कोणाचा, हे सुईला कळत नाही.

मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज नाविकाने इ. स. १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण करताना एक गोष्ट टिपली. जहाजाचे तोंड वळले की होकायंत्राची चूकही बदलते, आणि तिचे कारण जहाजावरील लोखंडात आहे. पुढे जहाजेच लोखंडाची बांधली जाऊ लागली, तेव्हा हा प्रश्न जीवघेणा झाला. इ. स. १८३८ मध्ये जॉर्ज एअरी यांनी ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर प्रयोग केले आणि होकायंत्राच्या भोवती चुंबक व मृदू लोखंडाचे तुकडे मांडून ही चूक निष्प्रभ करण्याची रीत बसवली. आर्चिबाल्ड स्मिथ यांनी तिला गणिती रूप दिले.

या गणितात आजही उपयोगी पडणारे एक सूत्र आहे. जहाज पूर्ण वर्तुळात फिरवून प्रत्येक दिशेला होणारी चूक मांडली, की चुकीची आकृतीच तिचे कारण सांगते. सर्व दिशांना चूक सारखीच असेल, तर यंत्र तिरपे बसवले आहे. एका फेऱ्यात चूक एकदा धन व एकदा ऋण होत असेल, तर जवळपास कायम चुंबकत्व धरलेले लोखंड आहे. ती दोनदा धन व दोनदा ऋण होत असेल, तर पृथ्वीच्या क्षेत्रामुळे तात्पुरते चुंबक बनणारे मृदू लोखंड तिच्या मुळाशी आहे. वैद्य जसा तापाच्या चढउतारावरून आजार ओळखतो, तशीच ही रीत आहे.

कुलाबा वेधशाळा : नोंदीची परंपरा

ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती खगोलीय वेध व अचूक वेळ यांसाठी. बंदरात येणाऱ्या जहाजांना आपली कालमापके लावून घेण्यासाठी अचूक वेळेची गरज होती. युरोपात गाऊस व वेबर यांच्या प्रेरणेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची एकाच वेळी अनेक ठिकाणी नोंद करण्याची चळवळ सुरू झाली. तिच्या लाटेत इ. स. १८४१ मध्ये कुलाब्यालाही चुंबकीय निरीक्षणांना प्रारंभ झाला. एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हे या कामाचे प्रमुख होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या वेधशाळेचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचे काम पाहिले. पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून ख्याती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनी तरुणपणी ऑर्लेबार यांच्या हाताखाली येथेच उमेदवारी केली. महाराष्ट्रातील आधुनिक विज्ञानाची पहिली पिढी ज्या मोजक्या ठिकाणी घडली, त्यांत कुलाबा वेधशाळेची गणना करावी लागते. या थोड्या परिचित नावांखेरीज रात्रंदिवस दर तासाला दुर्बिणीतून चुंबकाची स्थिती वाचणारे जे सहायक होते, त्यांचा उल्लेख सामान्य इतिहासग्रंथांत आढळत नाही. मात्र त्यांनी भरलेले आकडे टिकले आहेत.

त्या आकड्यांचे मोल कळण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. इ. स. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जाते. कुलाब्याच्या निरीक्षकांनी वादळाच्या काळात तासाची वाट न पाहता पाच-पंधरा मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. २ सप्टेंबरच्या सकाळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक कोसळल्याची नोंद त्यांच्या वहीत आहे. इ. स. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लखिना व एस. अ‍ॅलेक्स यांसह संशोधकांनी या नोंदींचा नव्याने अभ्यास केला. त्यांनी ही घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला एवढी असल्याचे दाखवले. त्या वादळाविषयी जगभर जे संशोधन झाले, त्याचा एक प्रमुख आधार मुंबईची ही वही आहे.

ट्रामचे आगमन आणि मूस यांचा निर्णय

इ. स. १८९६ मध्ये नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व नंतर एडिंबरो येथे त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न शास्त्रीय तर होताच, शिवाय तो नागरीही होता. मुंबईत इ. स. १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. आता त्या विजेवर चालवण्याची योजना पुढे आली.

विजेच्या ट्रामने वेधशाळेचे काय बिघडणार, असा प्रश्न सामान्य माणसाला पडेल. उत्तर असे की, ट्रामला दिलेला एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो आणि त्यातला काही भाग रुळ सोडून जमिनीत शिरतो. हा भटका प्रवाह ट्राम जशी थांबेल-सुटेल तसा कमीजास्त होतो आणि प्रत्येक प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतेच. पृथ्वीच्या क्षेत्रात दिवसभरात होणारे नैसर्गिक बदल आपल्याकडे काही दहा नॅनोटेस्ला इतकेच असतात. ते मोजू पाहणाऱ्या नाजूक उपकरणाला ट्रामची ये-जा आणि सूर्याचा परिणाम यांतला भेद करता आला नसता.

मूस यांच्यापुढे तीन मार्ग होते, असे म्हणता येईल. ट्रामला विरोध करावा, बिघडलेल्या नोंदींतून ट्रामचा भाग गणिताने वजा करावा, अथवा उपकरणच हलवावे. शहराची वाढ थांबत नाही, आणि सतत बदलणारा अनिश्चित प्रवाह वजा करता येत नाही. तेव्हा तिसरा मार्ग स्वीकारण्यात आला. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रकिनारी अलिबाग येथे जागा निवडण्यात आली. तेथील इमारतीत लोखंड वर्ज्य होते. दगड पोरबंदरचा, खिळे व इतर जोडसाहित्य तांब्या-पितळेचे. आपल्याकडे हाताशी असलेला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, स्वतःच चुंबकीय खनिजे बाळगून असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दूरच्या फिकट दगडाची निवड किती विचारपूर्वक होती, हे समजते.

या स्थलांतरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र इमारत नव्हे. अलिबागला इ. स. १९०४ मध्ये निरीक्षणे सुरू झाली, तरी कुलाब्याची निरीक्षणे तत्काळ बंद करण्यात आली नाहीत. इ. स. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू राहिल्या. त्यामुळे दोन स्थानांतील कायम फरक किती, हे ठरवता आले आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, तेव्हा वेधशाळा आपले काम आटोपून निघून गेलेली होती. इ. स. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदींचे दोन खंड मूस यांनी इ. स. १९१० मध्ये प्रसिद्ध केले. इ. स. १९७१ मध्ये या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली आणि अलिबागची वेधशाळा तिच्याकडे आली.

विमानातील ट्राम

ट्रामच्या तारेतून आता विमानाच्या तारेकडे वळू. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानात दिशेसाठी साधे चुंबकीय होकायंत्र होते. आजच्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत सुई नसते. तिच्या जागी चुंबकीय क्षेत्र मोजणारा एक छोटा संवेदक असतो. तो बहुधा पंखाच्या टोकाकडे किंवा शेपटीकडे, म्हणजे इंजिनापासून दूर बसवतात. त्याची मोजणी आणि विमानाचे वळणे मोजणारे घूर्णदर्शी यांचा मेळ घालून संगणक पडद्यावर दिशेचा आकडा दाखवतो. वरवर पाहता सारे बदलले आहे. मात्र सुईचा जुना दुबळेपणा संवेदकातही जसाच्या तसा आहे. आपल्या जागी जे एकूण क्षेत्र असेल, तेवढेच तो मोजू शकतो.

येथे थोडी आकडेमोड उद्बोधक ठरेल. अलिबागच्या परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. एका सरळ तारेतून चार अँपिअर प्रवाह जात असेल, तर तिच्यापासून दहा सेंटिमीटरवर आठ हजार नॅनोटेस्ला क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला काटकोनात आले, तर दिशेचा आकडा सुमारे बारा अंशांनी चुकतो. चार अँपिअर हा प्रवाह काही मोठा नव्हे. पंखाच्या टोकावरील दिवे आणि हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू नये म्हणून बसवलेला तापक यांना याच श्रेणीतील प्रवाह लागतो. दिव्याला जाणारी व येणारी तार एकमेकींना पीळ देऊन नेली असेल, तर दोन्ही क्षेत्रे परस्परांना खोडून काढतात. मात्र परतीचा प्रवाह विमानाच्या धातूच्या सांगाड्यातून सोडला असेल, तर ती मुंबईच्या ट्रामच्या रुळांचीच छोटी आवृत्ती होते.

आता हा आकडा १८५९ च्या वादळाशी ताडून पाहावा. कुलाब्याच्या नोंदींतील त्या सर्वांत विलक्षण वादळात झालेली घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला होती. दिव्याच्या एका साध्या तारेचे क्षेत्र तिच्या पाचपट भरते. यावरून निष्कर्ष असा निघतो की, आपल्याकडील विमानाचा दिशादर्शक चुकला तर आकाशाकडे नव्हे, आधी त्याच्या शेजाराकडे पाहावे. चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांतील कोनही महाराष्ट्रात एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याने दहा-बारा अंशांच्या चुकीचे खापर त्याच्यावरही फोडता येत नाही.

एक भेद येथे नोंदवावा. घरगुती वीज व उच्चदाबाच्या वाहिन्या यांतील प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. तो सुईला एकाच बाजूला ओढून धरत नाही. ट्रामचा आणि छोट्या विमानाचा प्रवाह मात्र एकदिश असतो. म्हणूनच परळीच्या परिसरातील विद्युतवाहिन्यांपेक्षा त्यांचे पोलादी मनोरे होकायंत्राला अधिक फसवतात.

निदानाची पद्धत : अलिबागचे चार धडे

विमानातील दिशादोषाच्या निदानाचे टप्पे वेधशाळांच्या इतिहासाशी जोडून पाहिल्यास पुढील चार सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र तुलनेचे. कुलाब्याचा आकडा अलिबागच्या आकड्याशी ताडून पाहिला गेला, त्याप्रमाणे पडद्यावरील दिशा विमानातील द्रवभरित होकायंत्राशी आणि धावपट्टीच्या ज्ञात दिशेशी ताडून पाहावी. दोन स्वतंत्र साक्षी नसतील, तर चूक आहे की नाही, हेच ठरत नाही.

दुसरे सूत्र नियंत्रित बदलाचे. इंजिन चालू ठेवून विमान एका जागी उभे करावे आणि एकेक विद्युत उपकरण चालू-बंद करून आकड्याकडे पाहावे. एखादा दिवा लावताच आकडा सरकला, तर गुन्हेगार सापडला. आकडा हलला नाही, तर विमान मोकळ्या जागी वर्तुळात फिरवून ठरावीक अंशांवर चूक मांडावी. फ्लिंडर्स, एअरी व स्मिथ यांच्या परंपरेतील चुकीची आकृती मग तिरपी बसवण, चुंबकित झालेला पोलादी स्क्रू किंवा मृदू लोखंड यांच्यात निवाडा करते. कोणताही शेजार न बदलता आकडा हळूहळू सरकत राहिला, तर संशय घूर्णदर्शीकडे अथवा त्याचा व संवेदकाचा मेळ घालणाऱ्या व्यवस्थेकडे वळवावा.

तिसरे सूत्र जागेचे. तपासणीची जागाच दूषित असेल, तर तपासणी व्यर्थ आहे. विमानतळाच्या काँक्रीटखालील सळया, जमिनीखालून गेलेल्या केबली, शेजारी उभी केलेली मोटार, हँगरचे लोखंडी छप्पर ही सारी ‘ट्राम’च आहेत. दूषित जागी यंत्राचे अंशशोधन केले, तर त्या जागेची चूक यंत्रात कायमची भरली जाते आणि मोकळ्या आकाशात ती उलट्या बाजूने प्रकट होते. आज्ञावलीने दुरुस्ती करता येते, परंतु ती स्थिर चुकीचीच. चालू-बंद होणाऱ्या प्रवाहाची चूक आज्ञावलीने जात नाही. तेथे मूस यांचाच मार्ग उरतो, तो म्हणजे तार दूर न्यावी किंवा संवेदक हलवावा.

चौथे सूत्र नोंदीचे. विमानात अलीकडे काय बदलले, हा निदानातील कळीचा प्रश्न आहे. नवा दिवा, बदललेला स्क्रू, पंखाची दुरुस्ती यांची तारीखवार नोंद असेल, तर अनेक तासांचे काम काही मिनिटांत होते. दुरुस्तीनंतरही जुने व नवे आकडे शेजारी शेजारी मांडून ठेवावेत. अलिबागच्या दोन वर्षांच्या समांतर नोंदींचे महत्त्व हेच होते.

निष्कर्ष

१. दिशादोष हा बहुतांशी यंत्राच्या आत नसून त्याच्या शेजारात असतो. यंत्रे बदलली तरी हे सत्य बदललेले नाही.

२. कुलाबा–अलिबाग स्थलांतर ही केवळ प्रशासकीय घटना नव्हती. संभाव्य दोषाचे कारण आधी ओळखून, तुलनेची सोय करून व मालिका खंडित न होऊ देता केलेले ते आदर्श निदान होते.

३. स्थिर चूक गणिताने सुधारता येते, बदलती चूक मात्र अंतरानेच टळते. वेधशाळेला व विमानाला हा नियम सारखाच लागू आहे.

४. शास्त्रीय नोंदीचे मूल्य ती करणाऱ्याच्या हयातीत कळेलच असे नाही. इ. स. १८५९ मध्ये भरलेल्या वहीचा जगाला उपयोग इ. स. २००३ मध्ये झाला.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचा एक व्यावहारिक उपयोग सुचवावासा वाटतो. विमानातील दिशासंवेदकाचा लहान भाऊ आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीत आहे. परळीसारख्या गावी बेसॉल्टचा उघडा खडक आहे, रेल्वेचे रूळ आहेत, पोलादी मनोरे आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सुरक्षित अंतर राखून अशा ठिकाणांच्या परिसरात दिशेचे आकडे घ्यावेत, मोकळ्या शेतातील आकड्यांशी ते ताडावेत आणि तारीखवार वहीत भरावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना कुलाब्याची हकिकत सांगावी. यासाठी निधी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती दर तासाला उठून आकडा वाचणाऱ्या त्या अनाम सहायकांची चिकाटी आणि आकडा चुकला तर यंत्राला दोष देण्यापूर्वी आजूबाजूला पाहण्याची सवय.